टाटा नॅनो मोटारींना लागलेल्या आगी

टाटा नॅनो मोटारींना लागलेल्या आगी ही इ.स. २००९ व २०१० या वर्षांतील घटनामालिका होय. टाटा मोटर्सने १० जानेवारी २००८ रोजी नवी दिल्लीतील वाहनप्रदर्शनात सादर केलेली आणि जुलै २००९ पासून ग्राहकांना मिळू लागलेली नॅनो ही त्या काळातील जगातील सर्वांत स्वस्त मोटार मानली जाई. काही मोटारींमधून धूर निघाल्यानंतर व काही जळाल्यानंतर कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये विकलेल्या सर्व मोटारींना मोफत संरक्षक सुधारणा देऊ केली. मात्र हा ‘रिकॉल’ नव्हे, असे कंपनीने त्याच वेळी स्पष्ट केले. धोका मान्य न करता त्यावरील उपाय स्वीकारण्याचे आवाहन मालकांना झाले, हे या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे.

पार्श्वभूमी

चार माणसांचे कुटुंब भर पावसात एकाच स्कूटरवरून जाताना पाहून रतन टाटा यांना या मोटारीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. कंपनीने मूळ किंमत एक लाख रुपये जाहीर केली होती. दोन लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली आणि पहिल्या एक लाख ग्राहकांची निवड सोडत काढून झाली. नोंदणी करणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यासाठी बँकेचे कर्ज काढले होते. दुचाकीवरून चारचाकीवर येणाऱ्या घरांसाठी ही पहिलीच मोटार होती. नव्या मुंबईतील शिरवणे, तुर्भे, जुईनगर यांसारख्या, जुनी गावठाणे आणि औद्योगिक वसाहत एकमेकांना चिकटून असलेल्या वस्त्यांत असा ग्राहक कोण असेल, हे वेगळे सांगावयास नको.

नॅनोचे ६२४ घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरी पेट्रोल इंजिन मागील बाजूस होते. सामान्य मोटारीत पुढील झाकणाखालून धूर येऊ लागला की तो चालकाला समोर दिसतो. नॅनोत मात्र इंजिन, तापणारी धूरनळी आणि त्यांच्याजवळील तारा हे सारे मागच्या आसनाच्या पाठीमागे होते. तेथे आग लागल्यास ती चालकाआधी रस्त्यावरील इतरांच्या नजरेस पडण्याचा संभव अधिक, आणि तिच्या सर्वांत जवळ मागे बसलेली माणसे, म्हणजे बहुधा घरातील स्त्रिया व मुले.

घटना

इ.स. २००९ च्या उत्तरार्धात तीन मोटारींमधून धूर निघाला. त्याचे कारण सुकाणूजवळील दिवे व वायपर यांच्या एकत्रित स्विचमधील शॉर्टसर्किट हे असल्याचे आढळले.

सर्वाधिक चर्चा झाली ती २१ मार्च २०१० रोजी मुंबईतील मुलुंड येथे घडलेल्या घटनेची. विक्रीदालनातून नुकतीच ताब्यात घेतलेली नॅनो घरी नेली जात असताना पेटली. मालकाची पत्नी व लहान मुलगा मागच्या आसनावर होते. एका दुचाकीस्वाराने मागील ज्वाळा पाहून मोटारीतील लोकांना सावध केले. सर्वजण वेळीच बाहेर पडले, कोणासही इजा झाली नाही. मोटार मात्र जळून गेली. कंपनीने मालकास दुसरी मोटार किंवा पूर्ण पैसे परत देण्याची तयारी दाखवली. पुढच्याच महिन्यात गुजरातमध्येही एक नॅनो जळाली.

कारणमीमांसा

मे २०१० मध्ये कंपनीने तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. आगीची कारणे त्या त्या मोटारीपुरती मर्यादित आहेत, बाहेरून बसवलेली विद्युत उपकरणे किंवा धूरनळीवर राहून गेलेली बाह्य वस्तू यांमुळे आग लागली आणि मोटारीच्या रचनेत दोष नाही, असा त्यांचा आशय होता.

यातील पहिले कारण तांत्रिकदृष्ट्या असंभवनीय नाही. फ्यूज हा ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागताच वितळतो आणि मंडल तोडतो. संगीतयंत्र किंवा जादा दिवे बसवताना मूळ तार सोलून तिला फ्यूजविना जोड दिला, तर हे संरक्षण नाहीसे होते. तार तापते, तिच्यावरील आवरण वितळते आणि ठिणगी पडते. नॅनोच्या मूळ प्रकारात वातानुकूलन नव्हते, रेडिओही नव्हता. किंमत उतरवण्यासाठी जे काढले गेले ते मालक बाजारातून बसवून घेणार, हे उघड होते. परंतु दालनातून घरी पोहोचण्याआधीच जळालेल्या मोटारीच्या बाबतीत मालकाच्या हौसेकडे बोट दाखवणे कठीण होते, आणि लोकांच्या मनात नेमकी तीच मोटार राहिली.

‘रिकॉल’ हा शब्द

त्याच वर्षी भारतात अन्य दोन कंपन्यांनी हा शब्द टाळला नव्हता. जानेवारी २०१० मध्ये होंडाने जगभरातील सुमारे साडेसहा लाख मोटारी दुरुस्तीसाठी बोलावल्या. त्यांत भारतातील ८,५३२ होंडा सिटी मोटारी होत्या. काच वरखाली करणाऱ्या स्विचमध्ये पाणी शिरून आग लागण्याचा धोका होता आणि दक्षिण आफ्रिकेत अशा आगीत एक बालक दगावले होते. फेब्रुवारीत मारुती सुझुकीने इंधनगळतीच्या शक्यतेमुळे सुमारे एक लाख ए-स्टार मोटारी बोलावल्या. याआधी अमेरिकेत इ.स. १९७८ मध्ये फोर्डला पिंटो व तिच्या जोडीची मॉडेले मिळून सुमारे १५ लाख मोटारी इंधनटाकीच्या दोषापायी परत बोलवाव्या लागल्या होत्या. पिंटोही स्वस्त मोटार म्हणूनच बाजारात आली होती.

मराठी वृत्तपत्रे या क्रियेस ‘मोटारी परत मागवल्या’ असे म्हणतात. हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे. त्यातून मोटार कायमची काढून घेतली जाणार, असा ग्रह होतो. वस्तुतः ती एक-दोन दिवसांसाठी सेवाकेंद्रात बोलावून, सदोष भाग विनामूल्य बदलून मालकास परत दिली जाते. ‘दुरुस्तीसाठी बोलावणे’ हा पर्याय लांबट असला तरी अधिक खरा आहे.

नोव्हेंबर २०१० मधील घोषणेनुसार नॅनोच्या धूरनळीच्या व विद्युत प्रणालीला अतिरिक्त संरक्षण दिले जाणार होते. त्या वेळी ७० हजारांहून अधिक नॅनो रस्त्यावर होत्या. मोटार सुरक्षितच आहे, ही केवळ अधिकची काळजी, अशी कंपनीची भूमिका होती. मालकापुढील पेच येथेच होता. दोष नसेल तर कामाचा दिवस बुडवून मोटार का न्यावी, आणि न्यावयाची असेल तर दोष नाही असे का म्हणावे? ‘धोका आहे, तो घालवून घ्या’ हे वाक्य माणसाला सेवाकेंद्रापर्यंत नेते. ‘धोका नाही, तरीही या’ या वाक्यात तेवढे बळ नसते.

परिणाम

जुलै २०१० मध्ये सुमारे नऊ हजारांवर गेलेली मासिक विक्री नोव्हेंबरमध्ये ५०९ वर आली. या घसरणीस आगीच एकमेव कारण नव्हत्या. वाढलेली किंमत आणि कर्ज मिळण्यातील अडचणी यांचाही वाटा होता. डिसेंबरमध्ये कंपनीने हमीची मुदत चार वर्षे किंवा ६० हजार किलोमीटरपर्यंत वाढवली, तिचा लाभ जुन्या मालकांनाही दिला आणि दरमहा ९९ रुपयांत देखभालीची योजना आणली. त्या महिन्यात विक्री ५,७८४ झाली व एप्रिल २०११ मध्ये ती दहा हजारांपलीकडे गेली. तथापि ही उभारी टिकली नाही. जून २०१८ मध्ये अवघी एक नॅनो तयार झाली.

कायदेशीर स्थिती

इ.स. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सदोष वाहने बोलावण्यासंबंधी तरतूद नव्हती. जुलै २०१२ मध्ये वाहनउत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेने पाळावयाची संहिता आणली. इ.स. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम ११०-अ आले. त्यानुसार वाहनातील दोष चालक, प्रवासी, रस्त्यावरील इतर लोक किंवा पर्यावरण यांना घातक ठरू शकत असल्यास केंद्र सरकार वाहने बोलावण्याचा आदेश देऊ शकते. संबंधित नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. ते सात वर्षांपर्यंतच्या वाहनांना लागू असून मालकांना सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात ओला कंपनीची विजेवर चालणारी स्कूटर पेटल्यानंतर पुढील महिन्यात कंपनीने १,४४१ स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या. या वेळी शब्दावरून वाद झाला नाही.

जुन्या नॅनोंची स्थिती

महाराष्ट्रात खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यामुळे २००९-१० मधील नॅनो आता योग्यता-तपासणी व पुनर्नोंदणीच्या टप्प्यावर आल्या आहेत आणि सात वर्षांच्या मर्यादेमुळे नवे नियम त्यांना लागू होत नाहीत. शिरवण्यातील एखाद्या गॅरेजात एमएच-४३ क्रमांकाची जुनी नॅनो विकावयास असेल, तर तिला २०१०-११ मधील संरक्षक सुधारणा झाली आहे की नाही हे नोंदणीपुस्तकावरून कळत नाही. त्यासाठी चासी क्रमांक देऊन कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात चौकशी करावी लागते. बाहेरून बसवलेल्या उपकरणांच्या तारांना स्वतंत्र फ्यूज आहे काय, हेही त्याच वेळी तपासून घेता येते.