केबलची वाट

एम.जी.बी. ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेली एक लोकप्रिय स्पोर्ट्स मोटार. तिच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आजही हौशी मंडळी अशी जुनी गाडी पूर्ण सुटी करतात, गंजलेले पत्रे बदलतात आणि ती पुन्हा उभी करतात. या कामात सर्वांचे लक्ष इंजिनाकडे आणि रंगाकडे असते. केबल्स मात्र पुष्कळदा अगदी शेवटी, जिथून जागा सापडेल तिथून ओवल्या जातात. गाडी सुरू होते, पण ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तरी इंजिनाचा वेग चटकन उतरत नाही. केबल नवी, स्प्रिंगही नवी, मग असे का व्हावे? दोष बहुधा केबलमध्ये नसतो. तो तिच्या वाटेत असतो. हा दोष समजून घ्यायला शाळेत शिकलेले घर्षण आणि चक्रवाढीचे गणित पुरेसे आहे.

तार ओढते, आवरण ढकलते

सायकलचा ब्रेक, जुन्या स्कूटरचे गिअर, मोटारीचा ॲक्सिलरेटर या सर्वांत एकाच जातीची केबल असते. अर्नेस्ट बाउडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले, म्हणून तिला बाउडेन केबल म्हणतात. आत पिळाची पोलादी तार आणि बाहेर घट्ट गुंडाळलेल्या पोलादी तारेचे लवचिक आवरण, अशी तिची रचना असते. मेकॅनिक त्यांना ‘इनर’ आणि ‘आऊटर’ म्हणतात. आतल्या तारेवर ताण येतो आणि तेवढाच दाब आवरणावर येतो. त्यामुळे दोन टोकांमध्ये हवे तसे वळण देऊनही ओढ पलीकडे पोचते. हा फार मोठा फायदा आहे. पण ‘हवे तसे वळण’ हे शब्द फसवे आहेत. प्रत्येक वळण आपली किंमत वसूल करते.

वळणाचा हिशेब

सरळ नळीतून तार ओढली तर ती नळीच्या भिंतीवर जवळजवळ दाबली जात नाही, म्हणून घर्षण नगण्य असते. नळी वळली की ताणलेली तार वळणाच्या आतल्या बाजूला दाबली जाते. दाब आला की घर्षण आले. घर्षणामुळे ताण थोडा घटतो. घटलेल्या ताणाने पुढच्या भागात दाब कमी, म्हणून घटही कमी. यंत्राच्या किमतीवर दरसाल ठरावीक टक्के घसारा धरतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की इथे वर्षांऐवजी अंश मोजायचे.

केबल स्वच्छ असून घर्षणांक ०.१ आहे असे समजा. एका काटकोनी वळणानंतर सुमारे ८५ टक्के ओढ उरते. १८० अंशांनंतर ७३ टक्के आणि ३६० अंशांनंतर ५३ टक्के. आता केबल गंजलेली, धूळ बसलेली आहे आणि घर्षणांक ०.३ आहे असे समजा. तेव्हा ९० अंशांनंतर ६२ टक्के, १८० अंशांनंतर ३९ टक्के आणि ३६० अंशांनंतर केवळ १५ टक्के ओढ शिल्लक राहते.

या हिशेबात डावीकडचे वळण उजवीकडच्या वळणाने रद्द होत नाही. ‘एस’ आकाराच्या वाटेत दोन्ही वळणांचे अंश मिळवावेच लागतात. दिशा शेवटी तीच राहिली, तरी घसारा दोनदा लागतो.

पाय आणि स्प्रिंग

कुणी म्हणेल, पेडल थोडे जड लागले तर काय बिघडले? पाय जरा जोराने दाबू. मेख इथेच आहे. पाय जोर वाढवू शकतो, स्प्रिंग वाढवू शकत नाही. थ्रॉटल उघडण्याचे काम पायाचे. ते बंद करण्याचे काम कार्बोरेटरजवळच्या स्प्रिंगचे. पाय उचलल्यावर स्प्रिंगला केबल आणि पेडल दोन्ही मागे ओढून आणावी लागतात, आणि तिचे बळही त्याच वळणांतून जाते. शंभरातले पंधराच भाग पेडलपर्यंत पोचले, तर पेडल अर्ध्यावर अडकू शकते. चढावर हे केवळ त्रासाचे, पण उतारावर किंवा गर्दीत जिवावर बेतणारे. म्हणून थ्रॉटलच्या केबलची वाट हा दिसण्याचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

त्रिज्येचे काय?

वरच्या हिशेबात वळणाची त्रिज्या आलीच नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. वळण तीव्र असले तर दर सेंटिमीटरवर दाब जास्त, पण स्पर्शाची लांबी तितकीच कमी, गुणाकार तोच. आदर्श, पूर्ण लवचिक दोरीसाठी हे खरे आहे. प्रत्यक्षात पोलादी तारेला स्वतःचा ताठपणा असतो. तीव्र वळणात ती पुन्हापुन्हा वाकते, तिचे धागे तुटू लागतात आणि आवरणाला चर पडतो. म्हणून नियम दोन: वळणांचे एकूण अंश कमी ठेवावेत आणि जे वळण टाळता येत नाही ते ऐसपैस द्यावे.

वेगमापकाच्या केबलसाठी दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. ही केबल ओढली जात नाही, तर गिअरबॉक्सपासून वेगमापकापर्यंत गोल फिरते. तीव्र वळणात ती क्षणभर अडकते, पिळली जाते आणि मग झटक्याने सुटते. तिला जोडलेला चुंबकही तसाच अडखळत फिरतो आणि काटा थरथरतो. पुष्कळजण अशा वेळी वेगमापक दुरुस्तीला पाठवतात. दुखणे मात्र केबलच्या वळणात असते.

प्रत्यक्ष गाडीत

एम.जी.बी.चे कार्बोरेटर इंजिनाच्या डाव्या अंगाला असतात. ब्रिटनमध्ये चालक उजवीकडे बसतो, म्हणून तिथल्या गाडीत थ्रॉटलची केबल उजवीकडून डावीकडे न्यावी लागते. अमेरिकेसाठी बनवलेल्या गाड्यांत पेडलही डावीकडेच. अमेरिकेतून परत आणलेल्या गाडीचे स्टिअरिंग उजवीकडे बदलताना जुनीच केबल कशीबशी ताणून बसवणे हे संकटाला आमंत्रण आहे. इंजिन रबरी आधारांवर बसवलेले असल्याने चालताना हलते. आवरणात थोडी ढील नसेल, तर या हालचालीने ते आपल्या खोबणीतून निसटते आणि थ्रॉटल आपोआप उघडू-मिटू लागतो. उलट फार लांब केबल घेतली तर तिचे वेटोळे होते, म्हणजे पुन्हा अंश वाढतात.

त्याच डाव्या अंगाला धूर बाहेर नेणारे तापलेले नळकांडेही असते. प्लॅस्टिकचे वेष्टन त्याला टेकता कामा नये. केबल पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी कडे हवेच, नाहीतर पत्र्याची धार आवरण कापते. म्हणून गाडी सुटी करण्यापूर्वी प्रत्येक केबलचे छायाचित्र घ्यावे, ती कोणत्या भोकातून व कोणत्या चिमट्याखालून जाते ते लिहून ठेवावे.

न नेमलेली वाट

केबलला आणखी एक वाट फुटू शकते, ती विजेची. सुरुवातीच्या मोटरचा प्रवाह इंजिनातून गाडीच्या सांगाड्यात आणि तिथून बॅटरीकडे परततो. रबर वीज वाहून नेत नाही, म्हणून इंजिन आणि सांगाडा जाड वाहक पट्टीने जोडलेले असतात. ही पट्टी लावायची राहिली, तर प्रवाह चोकच्या किंवा थ्रॉटलच्या केबलमधून वाट काढतो. समजा केबलचा रोध ०.०५ ओहम आहे आणि प्रवाह १०० अँपिअर. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ५०० वॅट. डाग देण्याच्या २५ वॅटच्या इस्त्रीच्या वीसपट उष्णता! वेष्टन वितळते आणि तार आत चिकटते. नवी केबल पुन्हापुन्हा जळत असेल, तर आधी ही पट्टी तपासावी.

वर्गात करून पाहा

एक गुळगुळीत गोल दांडी आडवी बांधा. तिच्यावरून दोरा टाकून एका टोकाला वजन लटकवा, दुसऱ्या टोकाला ताणकाटा लावा. दोरा आडवा ओढला तर वळण ९० अंशांचे होते, सरळ खाली ओढला तर १८० अंशांचे. आडवे ओढताना एक वेढा वाढवला की ४५० अंशांचे. प्रत्येक वेळी वजन सावकाश वर ओढताना आणि सावकाश खाली सोडताना काटा वाचा. वर ओढतानाचे वाचन म्हणजे पायाचे काम, खाली सोडतानाचे म्हणजे पेडलपर्यंत पोचणारे स्प्रिंगचे बळ. मग त्याच पदार्थाची जाड दांडी घेऊन पाहा, गुणोत्तर फारसे बदलते का? शेवटी विद्यार्थ्यांना केबल ब्रेकच्या सायकलवर पुढच्या आणि मागच्या केबलच्या वळणांचे अंश मोजायला सांगा. दोन ब्रेकपैकी कोणता जड लागतो, आणि का, हे ते स्वतःच सांगतील.