स्नोमोबाइलचा कार्बोरेटर : उंची आणि थंडीचे गणित

काश्मीरमधील गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, तर तेथील रोपवेचे शेवटचे स्थानक ३,९०० मीटरहूनही उंच आहे. हिवाळ्यात अशा हिमाच्छादित प्रदेशात स्नोमोबाइल हे पर्यटनाचे, तसेच प्रसंगी बचावकार्याचेही साधन ठरते. मात्र कार्बोरेटर असलेल्या स्नोमोबाइलमध्ये उंची आणि तापमानानुसार इंधनाच्या प्रमाणाची जुळवणी करावी लागते. ती चुकल्यास निर्जन बर्फात इंजिन निकामी होण्याचा धोका असतो.

पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलमागे सुमारे १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटर हवेच्या प्रवाहानुसार पेट्रोल ओढतो. परंतु हवेच्या घनतेतील बदलांची भरपाई तो स्वतःहून पुरेशी करू शकत नाही. गुलमर्गच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत एक चतुर्थांशाहून अधिक कमी असतो. त्यामुळे सखल भागासाठी जुळविलेल्या इंजिनात तेथे हवा कमी आणि पेट्रोल अधिक, म्हणजेच ‘रिच’ मिश्रण जाते. धूर वाढतो, स्पार्क प्लगवर काजळी धरते आणि शक्ती घटते.

थंडीचा परिणाम याच्या उलट होतो. तापमान शून्यावरून उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्यास हवेची घनता सुमारे आठ टक्क्यांनी वाढते. हवा वाढूनही पेट्रोल त्या प्रमाणात न वाढल्यास मिश्रण ‘लीन’ होते.

या दोन चुकांपैकी दुसरी अधिक घातक आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलच्या बाष्पीभवनामुळे पिस्टन काही प्रमाणात थंड राहतो. मिश्रण लीन झाल्यास पिस्टन अतिशय तापून प्रसरण पावतो आणि सिलिंडरमध्ये अडकतो. यालाच इंजिन ‘सीझ’ होणे म्हणतात. रिच मिश्रणाची सूचना धुरातून मिळते. लीन मिश्रणावर मात्र इंजिन सीझ होण्याच्या क्षणापर्यंत जोमाने चालत असल्याचा भास होऊ शकतो. म्हणूनच उंचावरून सखल भागात आणलेले, किंवा दुपारच्या उन्हात जुळवून पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत बाहेर काढलेले वाहन विशेष जोखमीचे ठरते.

जुळवणी मुख्यतः तीन ठिकाणी केली जाते. थ्रॉटल साधारण पाव भाग उघडेपर्यंत पायलट जेट आणि हवेचा स्क्रू, पाव ते पाऊण भागापर्यंत सुई आणि त्यापुढे मेन जेट यांचा प्रभाव प्रमुख असतो. उंचावर जाताना लहान क्रमांकाचा, तर सखल भागात किंवा तीव्र थंडीत मोठ्या क्रमांकाचा मेन जेट बसविला जातो. सुईवरील क्लिप खालच्या खाचेत बसविल्यास सुई वर उचलली जाते आणि मिश्रण रिच होते.

निर्मात्याच्या पुस्तिकेतील उंची व तापमानाचा तक्ता हा या जुळवणीचा आधार असतो. त्यानंतर पूर्ण थ्रॉटलवर वाहन थोडा वेळ चालवून इंजिन तत्काळ बंद केले जाते आणि प्लग तपासला जातो. प्लगचा फिकट तपकिरी रंग योग्य मिश्रण दर्शवितो. काळी काजळी रिच, तर पांढरेपणा लीन मिश्रणाची खूण असते. एका वेळी एकच बदल केल्यास दोष नेमका कळतो.

योग्य जुळवणीनंतरही उंचीमुळे घटलेली शक्ती पूर्णपणे परत येत नाही; साधारणपणे दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के घट होते. इंधन इंजेक्शन असलेली नवी इंजिने संवेदकांच्या साहाय्याने हे प्रमाण आपोआप सांभाळतात. कार्बोरेटर असलेल्या वाहनात मात्र ही जबाबदारी चालकाचीच असते. निघण्यापूर्वी मार्गावरील सर्वांत कमी उंची आणि सर्वांत कमी तापमान विचारात घ्यावे आणि शंका असल्यास मिश्रण किंचित रिच ठेवावे, हा नियम सुरक्षित मानला जातो. काजळी धरलेला प्लग बर्फातही काही मिनिटांत बदलता येतो; सीझ झालेले इंजिन तेथे दुरुस्त करता येत नाही.