आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला, तरी शस्त्रक्रिया होऊ शकते

मोठ्या आतड्याची गाठ काढून वर्ष-दोन वर्षं झालेली असतात आणि तपासणीत यकृतावर डाग दिसतो. ‘चौथी स्टेज’ हे शब्द ऐकताच घरचे हातपाय गाळतात. पण रोग एकाच अवयवात आणि मोजक्या ठिकाणी असेल, तर तो काढता येतो. काही रुग्ण त्यातून कायमचे बरेही होतात.

यकृतातच का?

आतड्यांतलं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, त्यामुळे निसटलेल्या पेशी बहुधा तिथेच रुजतात. त्याखालोखाल फुप्फुसं. गुदाशयाच्या खालच्या भागातलं बरंचसं रक्त यकृत टाळून जातं, म्हणून तिथला रोग थेट फुप्फुसात दिसू शकतो.

कळतं कसं?

रोग उलटलाच, तर बहुतेकदा पहिल्या तीन वर्षांत, आणि सुरुवातीला काहीच त्रास होत नाही. म्हणून पहिली दोन वर्षं दर 3 ते 6 महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी करतात. सोबत ठरावीक काळाने सीटी स्कॅन. या तपासण्या चुकवू नयेत.

शस्त्रक्रिया कुणावर?

गाठी किती आहेत यापेक्षा मागे किती यकृत उरेल, हे महत्त्वाचं. निरोगी यकृताचा 20 ते 25 टक्के भाग पुरतो. बरीच केमोथेरपी झाली असेल तर 30 टक्के तरी हवा. उरलेलं यकृत काही आठवड्यांत वाढतं. भाग अपुरा पडणार असेल, तर रोगट बाजूची पोर्टल शीर आधी बंद करतात आणि दुसरी बाजू वाढू देतात. मोठ्या गाठी केमोने लहान करून मग काढता येतात. 3 सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुई घालून उष्णतेने जाळण्याचाही पर्याय असतो.

फायदा किती?

योग्य निवड झालेल्या रुग्णांपैकी साधारण 40 टक्के शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनीही हयात असतात. अनेकांत रोग पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हाही काहींवर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करता येते.

काय विचारावं?

‘आता शस्त्रक्रिया नाही’ हा निर्णय यकृताच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनने स्कॅन पाहून दिला आहे का, हे विचारा. नसेल, तर स्कॅन, आधीच्या शस्त्रक्रियेचे कागद आणि बायोप्सीचा अहवाल घेऊन त्यांचं मत नक्की घ्या.