पुनर्बांधलेल्या इंजिनाची विक्री

नवी दिल्लीतील कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. २०१३ साली याच मार्गावर नवे महाराष्ट्र सदन उघडले. येथून जवळच कचेरी असलेल्या 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राने १९६४ मध्ये जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. अशा मोटारी आजही धावतात, याचे श्रेय इंजिनांच्या पुनर्बांधणीस द्यावे लागते. मात्र पुनर्बांधलेला ब्लॉक विकावयास निघाला, की प्रश्न उभा राहतो : घेणाऱ्याने भरवसा कशावर ठेवावा?

वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट अकराशे ही गाडी उदाहरणादाखल घेऊ. तिच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर आणि चार सिलिंडरांचे घनफळ १०८९ घन सेंटिमीटर. सिलिंडरची झीज सर्वत्र सारखी होत नाही. वरच्या बाजूस उष्णता अधिक व तेल कमी, म्हणून तेथे ती जास्त. शिवाय पिस्टनचा दाब ज्या बाजूंवर पडतो तेथे गोलाई बिघडते. म्हणून बोअर करून मोठे पिस्टन बसवितात. व्यास एक मिलिमीटरने वाढविला तर घनफळ सुमारे ११२२ होते. शक्तीच्या हौसेने याहून पुढे गेल्यास भिंती पातळ होतात आणि उष्णतेने त्यांचा आकार बिघडतो.

हे दोष रंगाखाली झाकतात. मापापुढे झाकत नाहीत. यास्तव विक्रेत्याने प्रत्येक सिलिंडरचे वर, मध्ये व खाली, परस्परांशी काटकोनातील दोन दिशांनी घेतलेले माप लिहून द्यावे. पाण्याच्या दाबाखाली तडा तपासला काय, वरचा पृष्ठभाग सपाट आहे काय, हेही नोंदवावे. असा कागद केवळ सौजन्य नव्हे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे.

राहिला क्रमांक. ब्लॉकवर कोरलेला आकडा गाडीच्या नोंदणीपुस्तकातही असतो. तो घासलेला आढळल्यास स्वस्ताईच्या मोहात पडू नये. चोरीचा माल गळ्यात पडण्याचा धोका असतो. इंजिन बदलण्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यताही लागते.

ओतीव लोखंड कोठेही मिळते. ग्राहक खरोखर विकत घेतो ते कारागिराचे खरे बोलणे. आणि ते कागदावर उतरलेले असावे.