गाडीची मागची छोटी काच : फुटली तर काय करावे?



या वर्षी शाळेच्या फाटकासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांपैकी तीन गाड्यांच्या मागच्या छोट्या काचा फुटल्या. एकीला आपल्याच मैदानातला चेंडू लागला, दुसरीची काच रात्री चोराने फोडली आणि तिसरी उडालेल्या खड्याने गेली. तिसरी गाडी मुलांना ने-आण करणारी व्हॅन होती. दोन दिवसांनी ती नवी काच लावून आली, तेव्हा आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी ती पाहिली आणि सरळ सांगितले, "ही काच खिडकीची आहे, गाडीची नाही." फोटोफ्रेम करणाऱ्या दुकानातून साधी काच कापून आणून रबरात बसवली होती. व्हॅनवाल्या भाऊंचा हेतू वाईट नव्हता. रोजची फेरी बुडू नये एवढेच त्यांना हवे होते. पण त्या काचेला टेकून आपली मुले बसतात. म्हणून या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटले. काचीगुड्यात राहणाऱ्यांनी काचेची माहिती ठेवलीच पाहिजे, असे आमचे एक सहकारी गमतीने म्हणतात, ते वेगळेच!

ही काच कोणती?

मागच्या दाराची मोठी काच खाली-वर होते. तिच्या मागे एक लहान, बहुधा तिकोनी काच असते. ती हलत नाही. काही गाड्यांत ती दारातच असते, तर काहींत दाराच्या मागे, गाडीच्या अंगात बसवलेली असते. दुकानदार तिला 'क्वार्टर ग्लास' म्हणतात. आपल्याकडे मेकॅनिक 'पीछे का छोटा शीशा' म्हणतो, तेलुगू भाषक 'अद्दम' म्हणतात, आपण काच म्हणतो. जुन्या अॅम्बॅसिडर आणि पद्मिनीच्या पुढच्या दारांत हवेसाठी उघडणारी तिकोनी काच असे. ती वेगळी. आज आपण न उघडणाऱ्या काचेबद्दल बोलत आहोत.

साधी काच आणि गाडीची काच

शास्त्र मी हिंदीतून शिकलो, त्यामुळे माझ्या तोंडी 'तनाव' आणि 'दबाव' हे शब्द आधी येतात. आपण ताण आणि दाब म्हणू.

गाडीच्या बाजूच्या काचा बहुतेक करून 'टफन्ड' म्हणजे कडक केलेल्या असतात. साधी काच आधी हव्या त्या आकारात कापतात, कडा घासतात, भोके पाडायची असतील तर पाडतात. मग ती भट्टीत सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे जोरदार झोत सोडतात. बाहेरचा थर लगेच थंड होऊन घट्ट होतो. आतला भाग मागाहून थंड होतो आणि आकसू लागतो. तो आकसताना बाहेरच्या थराला आत ओढतो. परिणामी बाहेरच्या थरावर कायमचा दाब आणि आतल्या भागात कायमचा ताण राहतो.

काच तुटते ती पृष्ठभागावरची बारीक चीर रुंदावल्यामुळे. बाहेरच्या थरावर दाब असल्याने ती चीर सहज रुंदावत नाही. म्हणूनच ही काच साध्या काचेपेक्षा सुमारे चार-पाच पट मजबूत असते. पण एकदा का टोकदार वस्तूने तो बाहेरचा थर भेदला, की आत साठलेला ताण क्षणात मोकळा होतो आणि संपूर्ण काचेचे साबुदाण्यासारखे बोथट दाणे होतात. साधी काच मात्र सुऱ्यासारख्या लांब, धारदार तुकड्यांत फुटते. फरक एवढाच, पण मुलाच्या मानेशेजारी तो फार मोठा आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. कडक केलेली काच नंतर कापता येत नाही. कापायला गेलात तर तिचा चुरा होतो. म्हणजे कोणी तुमच्यासमोर काच कापून, घासून गाडीला बसवत असेल, तर ती टफन्ड काच नाही हे नक्की समजावे. विद्यार्थ्यांनी हे वाक्य पाठ करून ठेवावे.

समोरची काच निराळी असते. तिच्यात दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पारदर्शक पापुद्रा दाबून चिकटवलेला असतो. ती तडकते, पण जागची सुटत नाही.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०० प्रमाणे गाडीच्या खिडक्यांना सुरक्षा ग्लेझिंग किंवा सुरक्षा काच हवी. तिचे भारतीय मानक आहे आयएस २५५३, भाग २. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मबद्दल कडक आदेश दिला, हे पालकांना आठवत असेल. तेव्हा नवी काच बसवताना "वर थोडी काळी फिल्म लावून देतो" असे कोणी म्हटले, तर नको म्हणावे.

आपल्या मराठी मुलखाचे काचेशी जुने नाते आहे, हेही मुलांना सांगावे. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचे 'प्रभाकर' कंदील आपल्या आजोबांच्या घरी होते. आज पुण्याजवळ भोसरी-चाकण भागात मोटारींच्या काचा तयार होतात.

काच फुटल्यावर पहिला तास

१) आधी मुलांना गाडीतून उतरवा, तेही फुटलेल्या बाजूच्या विरुद्ध दाराने. दाणे बोथट असले तरी त्यांच्यात बारीक कणही असतात. डोळे चोळू देऊ नका.

२) फोटो काढा. विम्यासाठी लागतात. चोरी झाली असेल तर पोलिसांत तक्रार नोंदवा आणि मगच गाडी साफ करा.

३) हातात जाड मोजे घालून मोठे दाणे उचला, मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. शेवटी ओले फडके किंवा चिकटपट्टी दाबून बारीक कण काढा. फडके लगेच फेकून द्या.

४) सीटबेल्टकडे विशेष लक्ष द्या. मागच्या सीटबेल्टचे गुंडाळणारे यंत्र बऱ्याच गाड्यांत याच काचेच्या खाली असते. त्यात दाणा अडकला तर ऐन वेळी पट्टा अडकू शकतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढून पुसा आणि तो सहज परत जातो का ते पाहा.

५) तात्पुरते म्हणून जाड प्लास्टिक कोरड्या पत्र्यावर टेपने चिकटवा. पण हा उपाय गाडी काच बसवण्याच्या ठिकाणी नेण्यापुरताच आहे. अशा गाडीतून मुलांना आणू नये, ही शाळेची विनंती नव्हे, अट आहे.

काच मागवताना

लहान काच म्हणून स्वस्त असेल, ही समजूत नेहमी खरी ठरत नाही. कित्येक गाड्यांत ही काच काठाच्या रबरासह एकत्रच तयार होते, त्यामुळे पूर्ण संच घ्यावा लागतो. शिवाय ती रोज खपणारी वस्तू नसल्याने दुकानात तयार असेलच असे नाही. सिकंदराबादच्या राणीगंजमध्ये किंवा कंपनीच्या अधिकृत केंद्रात चौकशी करताना एवढी माहिती हाताशी ठेवा : गाडीचे मॉडेल, वर्ष, चासी नंबर, डावी की उजवी बाजू, काचेची छटा आणि तिच्यात अँटेनाची तार आहे की नाही. डावी-उजवी सांगताना गाडीत बसून समोर तोंड केल्यावरची बाजू धरावी.

फुटलेल्या काचेवरची खूण तर गेली. मग विरुद्ध बाजूची शाबूत काच पाहा. तिच्या कोपऱ्यात कंपनीचे नाव, मानकाचा क्रमांक आणि काचेचा प्रकार छापलेला असतो. नव्या काचेवरही तशी खूण हवी. खूण नसेल तर काच घेऊ नये. व्हॅनच्या त्या काचेवर कोणतीच खूण नव्हती, त्यावरूनच आमच्या शिक्षकांनी ती ओळखली.

काच बसवतात कशी?

याच्या तीन पद्धती आहेत. काम कारागिरानेच करावे, पण ते बरोबर होत आहे का हे पाहणे आपले काम आहे.

पहिली, दारातली काच. दाराच्या आतले पॅनल काढतात. मोठी काच पूर्ण खाली घेतात. दोन काचांच्या मधली उभी पट्टी स्क्रू काढून सैल करतात, मग लहान काच रबरासकट पुढे सरकवून काढतात. नवी काच उलट क्रमाने बसते. दाराच्या पोकळीत पडलेले दाणे या वेळी काढायलाच हवेत. नाहीतर ते दार लावताना खडखड वाजतात आणि खालची पाणी जाण्याची छिद्रे बुजवतात.

दुसरी, जाड रबरात बसणारी काच. ही काही जुन्या गाड्यांत आणि व्हॅनमध्ये दिसते. रबर काचेभोवती बसवतात. रबराच्या दुसऱ्या खाचेत सगळीकडून एक मजबूत दोरी फिरवतात व तिची टोके गाडीच्या आत सोडतात. साबणाचे पाणी लावून एक जण बाहेरून काच दाबतो आणि दुसरा आतून हळूहळू दोरी ओढतो. दोरी निघेल तसतसा रबराचा ओठ पत्र्यावर चढतो. पाहण्यासारखे काम आहे! रबर कडक झाले असेल, चिरले असेल तर नवेच घ्यावे. जुन्या रबरातून पहिल्याच पावसात पाणी येते.

तिसरी, चिकटवलेली काच. आजच्या अनेक गाड्यांत हीच पद्धत आहे. जुना चिकट थर पूर्ण खरवडायचा नसतो. त्याचा एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवतात, कारण नवा थर त्यावर चांगला धरतो. कापताना पत्र्याला ओरखडा गेला तर तेथे प्रायमर लावलाच पाहिजे, नाहीतर आतून गंज धरतो. काचेच्या काठावर काळी पट्टी असते. ती शोभेसाठी नाही. तिच्यामुळे चिकट थरावर ऊन पडत नाही. तो काठ पुसून, प्रायमर लावून, पॉलियुरेथेनची अखंड धार देतात आणि काच बसवून टेपने धरून ठेवतात.

पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. गाडी किती वेळाने हलवायची ते त्या नळीवर लिहिलेले असते. कारागिराला ते वाचून दाखवायला सांगा. एक दिवस गाडी जोरदार पाण्याने धुऊ नका आणि दारे आपटू नका. बंद गाडीत दार आपटले की आतली हवा ओल्या काचेला बाहेर ढकलते. त्यासाठी एखादी खिडकी दोन बोटे उघडी ठेवा. उन्हाळ्यात आपल्याकडे पत्रा तव्यासारखा तापतो, म्हणून हे काम सावलीत करून घ्यावे. नंतर पाणी सोडून गळती तपासावी. सिलिकॉन लावून "चलता है" म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा.

विमा घ्यावा की खिशातून द्यावे?

आपल्या हैदराबादेतच विमा नियामक प्राधिकरणाचे मुख्यालय आहे, तरी आपल्याला आपली पॉलिसी माहीत नसते! फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काचेचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, रबर व प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला पहिले १००० रुपये मालकानेच भरायचे असतात. शिवाय दावा केला की नो क्लेम बोनस जाऊ शकतो. तो पहिल्या वर्षी २० टक्के असतो आणि पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. म्हणून आधी बिलाचा अंदाज घ्या, बोनस किती जाईल ते पाहा आणि मग ठरवा. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित घरी करायला द्यावे.

आणखी एक गोष्ट, जिवाची

१३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री हैदराबादेत जो पाऊस झाला, त्यात गाड्या वाहून गेल्या. गाडी पाण्यात अडकली आणि दारे उघडेनाशी झाली तर समोरची काच फोडण्यात वेळ घालवू नका, ती सुटत नाही. बाजूची मोठी टफन्ड काच टोकदार हातोडीने कोपऱ्याजवळ फोडा. मागच्या छोट्या काचेतून मोठा माणूस निघू शकत नाही. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही पापुद्र्याच्या असतात, त्या अशा फुटत नाहीत. आपल्या गाडीत कोणती आहे हे कोपऱ्यातल्या खुणेवरून आजच पाहून ठेवा.

व्हॅनची काच आता बदलली आहे. खर्चाचा काही भाग त्या व्हॅनने येणाऱ्या मुलांच्या पालकांनी आपसांत वाटून घेतला, कारण भाऊंची दोन दिवसांची कमाई बुडाली होती. चेंडू मारणारा मुलगा दुसऱ्या दिवशी स्वतः कार्यालयात येऊन नाव सांगून गेला. त्याला शिक्षा केली नाही. गाडीच्या मालकांना त्याने स्वतः भेटावे एवढेच सांगितले आणि तो वडिलांसोबत भेटला.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या, व्हॅनच्या, आटोच्या काचेच्या कोपऱ्यातली खूण शोधा, वहीत उतरवा आणि सोमवारी विज्ञानाच्या तासाला आणा. ज्या गाडीवर खूण सापडणार नाही, तिची माहिती वर्गशिक्षकांना द्या. पुढचे आम्ही पाहू.

आपला,
मुख्याध्यापक