अहमदपूरचा शेतसारा कोणाचा?

सातबाऱ्यावरचा ‘आकार’ म्हणजे शेतसारा इंग्रजांनी बसवला, हा समज मराठवाड्यातल्या अहमदपूरला लागू नाही. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सारा निजाम सरकारचा. पद्धत मात्र मुंबई इलाख्यातून आली. तिथे १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूरला ती घडवली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दिवाण सालारजंगाच्या सुधारणांनंतर, संस्थानाने मराठवाड्यात तिच्याच धर्तीवर मोजणी केली.

आकारणी (जमिनीची प्रत पाहून सारा ठरवणे) म्हणजे पिकातला वाटा नव्हे. घरपट्टी घरावर बसते, घरातल्यांच्या कमाईवर नाही, तसेच हे. काळ्या कसदार जमिनीला जास्त दर, मुरमाड माळाला कमी, आणि तो ठरावीक वर्षांसाठी कायम. म्हणूनच दुष्काळात ही पद्धत फार जाचक ठरे: पीक बुडाले तरी सूट किंवा तहकुबी (वसुली पुढे ढकलणे) मिळेपर्यंत सारा देणे उरेच.