स्पेंटवॉशचा तलाव आणि आपली विहीर


आसवनीत मळीपासून एक लिटर अल्कोहोल निघाले की मागे १० ते १५ लिटर काळपट, आंबट पाणी उरते. तोच स्पेंटवॉश. तो अस्तर घातलेल्या तलावात साठवतात.

बांधावर बाभूळ उगवली, घुशीने बीळ केले, किंवा जनावर उतरून खुराने प्लॅस्टिक फाटले, की पाणी गुपचूप मुरते आणि उताराकडच्या विहिरीत येते. विहिरीचे पाणी चहासारखे दिसू लागले तर जनावरांना पाजू नका. बाटलीत नमुना भरून शेतकी ऑफिसात आणा. रंग दिसत नसला तरी क्षार वाढलेले असू शकतात, म्हणून तलावाखालच्या सभासदांनी पावसाळ्याआधी व नंतर पाणी तपासून घ्यावेच.

पालाश मिळतो म्हणून रात्री पाइप टाकून हे पाणी उभ्या उसाला सोडणारेही आहेत. फुकटचे खत म्हणे! कच्च्या पाण्याने मुळ्या जळतात, काळ्या रानात क्षार साचतात.

तिथल्या टाकीत, चेंबरमध्ये तर कोणीच उतरू नये. सडक्या अंड्याच्या वासाचा तो वायू हवेपेक्षा जड असतो, आणि प्रमाण वाढले की वासच कळेनासा होतो. बेशुद्ध माणसाला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. वरूनच हाका मारा, कारखान्यात कळवा. उतरायचे ते हवेचे नळकांडे लावलेल्या माणसानेच.

– ऊस विकास अधिकारी